नियम क्रमांक एक

"नियम क्रमांक एक म्हण," पाटणकर सर म्हणाले.

मी तो म्हटला. "मी माझं नाव, फोटो, पत्ता आणि फोन नंबर इंटरनेटवर कुणालाही देणार नाही."

"मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हटला. बाहेर मैदान झाडणारे शिपाईमामा थांबले, खिडकीतून आत बघितलं आणि पुन्हा झाडू लागले.

"म्हणजे पाठ आहे," मुख्याध्यापक माझ्या आईकडे वळले. "बघा, शब्दन् शब्द पाठ आहे. रोज प्रार्थनेला म्हणते. आणि तरी केलं. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा."

आई उभीच होती. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. शिपाईमामांचा निरोप आला तशी ती गिरणी थांबवून निघाली होती. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर पीठ होतं. खालच्या आळीत आमची पिठाची गिरणी होती आणि ती आईच चालवायची. बाबा इचलकरंजीला सूतगिरणीत होते, ते शनिवारी संध्याकाळी यायचे आणि रविवार संपला की जायचे.

टेबलावर सरांचा मोठा फोन उताणा पडला होता आणि त्यात मी होते. लाल पडद्यासमोर बसलेली, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, खांद्यावर शाळेच्या गोल शिक्क्याचा अर्धा भाग. शेजारी माझं पूर्ण नाव. त्याच्याखाली माझ्या तोंडी घातलेलं एक वाक्य होतं. ते मी तेव्हा एकदाच वाचलं आणि इथे लिहिणार नाही. वाक्याच्या खाली आईचा मोबाइल नंबर.

"हे खातं तू उघडलंस."

"नाही, सर."

"मग कुणी, मी उघडलं?"

"सर, हा माझ्या ओळखपत्रावरचा फोटो आहे. हा बघा शिक्का. प्रदर्शनाच्या वेळी शाळेनं आमची ओळखपत्रं पेजवर टाकली होती. आईचा नंबरही त्यावरच आहे. तिथून कुणीतरी उचललं सगळं."

हे मी एका दमात बोलले, कारण मला वाटत होतं की एवढं सांगितलं की संपलं. शिक्का तर समोर दिसत होता. पंधरा वर्षांच्या मुलीला असंच वाटतं.

कोपऱ्यात आमचे कॉम्प्युटरचे निकम सर उभे होते. शाळेचं पेज तेच चालवत. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

झालं होतं ते असं. दिवाळीच्या आधी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या शाळेतून तिघांची निवड झाली. मी, किशोरी खोत आणि श्रेणिक मगदूम. मी गिरणीचा पट्टा तुटला की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र केलं होतं, त्यासाठी लागणारी सगळी माहिती शाळेच्या कॉम्प्युटरवरच शोधली होती. जायच्या दिवशी गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि पाटणकर सरांना आठवलं की पेजवर अभिनंदन टाकायचं राहिलं. आमचे वेगळे फोटो नव्हते. निकम सरांनी आमच्या गळ्यातली ओळखपत्रं काढून घेतली, टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि वरून फोटो काढला. नाव, वर्ग, जन्मतारीख, पत्ता, पालकांचा मोबाइल. वर संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, खाली हार्दिक अभिनंदन. आमच्याकडे कौतुक असंच करतात. वाढदिवस असो नाहीतर बक्षीस, माणूस नाव, गाव, नंबरासकट चौकात टांगल्याशिवाय कौतुक झाल्यासारखं कुणाला वाटत नाही.

त्याच शाळेच्या कॉम्प्युटर खोलीबाहेर इंटरनेट सुरक्षेचे नियम निळ्या ऑइलपेंटनं रंगवले होते, आणि प्रतिज्ञेनंतर आम्ही ते रोज हात पुढे करून म्हणत होतो.

"शिक्का असेल," पाटणकर सर म्हणाले. "ओळखपत्र कुणाच्या गळ्यात असतं? तुझ्याच ना? तूच काढलास फोटो."

"कशानं काढू, सर? माझ्याकडे फोन नाही."

"आईकडे आहे."

"आईचा बटनांचा आहे. त्याला कॅमेरा नाही."

"मग एखाद्या मित्राकडून काढून घेतलास."

"सर, पेजवरचा फोटो अजून तिथंच आहे. आत्ता उघडा. दोन्ही शेजारी ठेवून बघा."

सरांचा आवाज एकदम खाली आला. ओरडताना ते तितके वाईट वाटत नसत.

"ते पेज संस्थेचं आहे. संस्थेवर आरोप करतेस तू?"

निकम सर अजून बुटांकडे बघत होते. मला तेव्हा कळलं की या खोलीत सगळ्यांना सगळं माहीत आहे. कुणाचा गैरसमज झालेला नाही. मी कितीही नीट समजावून सांगितलं तरी उपयोग नव्हता, कारण त्यांना समजलेलंच होतं. एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

मग सरांनी निकाल दिला. शनिवारी प्रार्थनेनंतर मी माइकवर यायचं. नियम क्रमांक एक म्हणायचा. हा नियम मी मोडला, मला माफ करा, माझ्यासारखं कुणी वागू नका, असं सगळ्या शाळेसमोर म्हणायचं. नाहीतर सोमवारी शाळा सोडल्याचा दाखला न्यायचा.

"आणि आजपासून मुलींचा कॉम्प्युटरचा तास बंद," ते म्हणाले. "मुलींच्या सुरक्षेसाठी."

"आणि मुलांचा?"

"मुलांचं काय?" सरांनी विचारलं. त्यांना माझा प्रश्न खरोखरच कळला नव्हता.

"म्हणंल ती," आई पहिल्यांदाच बोलली. "शनवारी म्हणंल. दाखल्याचं तेवढं नका काढू, सर. धाव्वीचं वरीस हाय."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

घरी जाताना मी मुद्दाम पुढे पुढे चालले. आई मागून हाक मारत नव्हती आणि त्याचाही मला राग येत होता. निदान तिनं तरी म्हणायचं होतं, माझी पोर असं करणार नाही. गिरणीत पोचले तर डबे रांगेत तसेच, आणि खिळ्याला अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन वाजत होता. पीठ जाऊ नये म्हणून आई तो पिशवीत ठेवायची.

"ऱ्हाऊ दे तो," आई मागून म्हणाली. ती जवळजवळ पळत आली. "वृषाली, ठेव तो फोन."

मी उचलला होता.

पलीकडे पुरुषाचा आवाज होता. त्यानं माझं नाव घेतलं, एखादा मामा घेईल इतक्या मायेनं. मग विचारलं, आता अंगावर काय घातलंय. मी तोंड उघडायच्या आत तो पुढचं बोलला. आईनं फोन माझ्या हातातून काढून घेतला, कानाला लावला आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "पीठ दळायचं आसंल तर ये. न्हाईतर ठेव."

फोन पिशवीत गेला, पिशवी खिळ्याला. आईनं एक डबा उचलून पुढे ओढला.

मी तो डबा धरून ठेवला. पहिल्यांदा असा फोन घेणारी बाई असल्या रोजच्या आवाजात बोलत नाही.

"कधीपासनं येतायत?"

"जोंधळं कुणाचं हे? खालच्या अंगाच्या म्हातारीचं न्हवं?"

"आई, कधीपासनं?"

"दिवाळीच्या आधीपास्नं," ती म्हणाली. "तू परदर्शनाला गेलतीस, त्याच दिवशी पयला आला."

"आणि रोज येतायत?"

"येत्यात."

"आणि तू घेतेस?"

"घेऊ नको तर काय करू? एक त्यो आसतोय आणि एक गिऱ्हाईक आसतंय. नंबर बघून मला काय कळतंय? शटरवर रंगवलाय ह्योच नंबर, वाडीवस्तीवरची माणसं ह्यावरच इच्यारत्यात गिरणी चालू हाय का म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून? तू रडत बसली आसतीस. बाबास्नी कळलं आसतं. तुझं बाबा वाईट न्हाईत. पर त्यांच्या कानावर ह्यातलं एक वाक्य पडलं ना, तर ते दाखल्याबिखल्याची वाट बघणार न्हाईत. सरळ घरात बसवतील तुला. म्हणून म्हणते, शनवारी काय म्हणायचं ते म्हण आणि मोकळी हो. धाव्वी पदरात पडू दे."

"मी काहीच केलेलं नाही आणि माफी मागू?"

"मला म्हाईत हाय तू काय केलं न्हाईस ते."

"मग तिथं का बोलली नाहीस?"

"त्यास्नी बी म्हाईत हाय की," आई म्हणाली. "बोलून काय नवीन सांगणार हुते मी? आणि सांगायचं बघितलंच न्हाई का मी? तूच लावून दिलास न्हवं फोन सरास्नी."

तेव्हा मला उलगडलं. दिवाळीनंतर आई अधूनमधून म्हणायची, हेडमास्तरांचा नंबर लावून दे, सहामाहीच्या निकालाचं विचारायचंय. तिला बारीक अक्षर दिसत नसे. सरांनी पालकसभेत मोठ्या मनानं आपला नंबर दिला होता, कुठलीही अडचण आली तर सरळ मला फोन करा म्हणून. मी लावून द्यायचे, रिंग वाजत राहायची, आई म्हणायची, कामात असतील. पुन्हा दुसऱ्या दिवशी लावून दे म्हणायची. इतक्या वेळा लावला की तो नंबर मला झोपेतही म्हणता आला असता. आणि मी मनातल्या मनात हसायचे, की सहामाहीच्या निकालाची हिला केवढी काळजी.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कॉम्प्युटरच्या तासाला मुलं कॉम्प्युटर खोलीत गेली आणि आम्हाला शिवणाच्या बाईंनी रुमाल आणि सुया वाटल्या. मोराची नक्षी. काही मुली माझ्याकडे रागानं बघत होत्या, कारण माझ्यामुळे त्यांचा तास गेला होता. दोघी-तिघी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती किशोरीची. दिवाळीपासून ती आलीच नव्हती. तिला कावीळ झालीय असं वर्गात सांगितलं होतं, आणि मी तिला भेटायला जाईन जाईन म्हणत राहून गेलं होतं.

मधल्या सुट्टीत श्रेणिक पाण्याच्या टाकीजवळ आला.

"तुला फोन आले?" मी त्याला विचारलं. "त्या फोटोवरून? तुझ्या घरचा नंबर पण आहे त्यात."

"आले की. पप्पांचे मित्र, त्यांचे साहेब, कुठले कुठले पाहुणे. सगळे अभिनंदन म्हणाले."

"बाकी काही?"

"बाकी काय?" मग त्याला समजलं आणि त्याचा चेहरा पडला. "मी सांगू का सरांना? फोटो शाळेनंच टाकलाय म्हणून?"

"सरांना माहीत आहे, श्रेणिक."

तो बिचारा खरंच चांगला होता. पण त्या क्षणी मला त्याचाही राग आला. तेच ओळखपत्र, तोच फोटो, तेच पेज, आणि याला आले ते पेढे.

निकम सर जिन्यात भेटले. मी वाट अडवून उभी राहिले.

"सर, तो पेजवरचा फोटो काढा."

"वृषाली, अगं वर अध्यक्षांचा फोटो आहे. काढला की लगेच विचारणा होते, कुणी काढला, का काढला." ते इकडे तिकडे बघत होते. "मी अजून कायम झालेलो नाही गं. शनिवार होऊन जाऊ दे. सगळे विसरतील."

"फोन करणारे विसरतील?"

ते बाजूनं वाट काढून वर गेले.

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि गावचा बाजारही. आमच्या शाळेचा भोंगा छपरावर होता आणि त्याचं तोंड मुद्दाम बाजारपेठेकडे केलेलं होतं. आमच्या प्रार्थनेनं गावाला वळण लागतं असं पाटणकर सर सांगत. शनिवारी भाजीवाल्या बायका आमच्या प्रतिज्ञेवर टोपल्या उतरवायच्या.

आई माझ्याबरोबर आली. गेटाच्या आत आली नाही, बाहेर चिंचेखाली उभी राहिली. त्या दिवशी तिनं केस विंचरले होते, स्वच्छ लुगडं नेसली होती. पोरगी माफी मागताना बघायला एवढी तयार होऊन आली, असं माझ्या मनात आलं आणि मी तिच्याकडे पाठ केली.

प्रार्थना झाली. प्रतिज्ञा झाली. सगळे नियम हात पुढे करून म्हणून झाले. मग सरांनी माझं नाव पुकारलं.

खरं सांगते, मी माफी मागायचं ठरवून गेले होते. रात्रभर तेच पाठ केलं होतं. पायऱ्या चढून वर गेले, माइक खाली केला, समोर सगळी शाळा रांगेत. पहिल्या ओळीत पाचवीची पोरं, त्यांना काहीच माहीत नव्हतं आणि ती हसत होती. नववीच्या रांगेतून कुणीतरी बारीक शीळ घातली. पाटणकर सर माझ्या डाव्या हाताला, छातीवर हातांची घडी घालून. निकम सर उजवीकडे, आवाजाच्या यंत्राजवळ.

"मी वृषाली लोहार, दहावी ब," मी म्हणाले. माझाच आवाज बाजाराकडून उलटून माझ्या कानावर आला. "नियम क्रमांक एक. मी माझं नाव, फोटो, पत्ता आणि फोन नंबर इंटरनेटवर कुणालाही देणार नाही. हा नियम मोडलेला आहे."

सरांनी मान डोलावली. पुढे बोल.

पुन्हा ती शीळ आली. सरांनी ती ऐकली. त्यांनी नववीच्या रांगेकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याचकडे बघत राहिले. आणि पाठ केलेलं सगळं माझ्या डोक्यातून पुसलं गेलं.

"तो कसा मोडतात, ते करून दाखवते," मी म्हणाले. "नाव, श्री. पाटणकर, मुख्याध्यापक. पत्ता, बस स्टँडच्या मागे, दत्ताच्या देवळाशेजारचा पिवळा बंगला. फोन नंबर."

आणि मी नंबर सांगितला. एक एक आकडा, फळ्यावरून उतरवून घेताना सांगतात तसा सावकाश. सर पहिल्यांदा नुसते ऐकत राहिले. आपला नंबर भोंग्यावरून ऐकू येतोय हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग ते ओरडले, "बंद करा! निकम, बंद करा ते!"

बटण निकम सरांच्या हाताशी होतं. त्यांनी बटणाकडे बघितलं. मग त्यांनी बुटांकडे बघितलं.

मी नंबर दुसऱ्यांदा सांगितला. सर माझ्यापर्यंत पोचले तोवर तिसऱ्यांदाही सांगून झाला होता. "सर, तुम्ही काही नंबर कुणाला दिला नव्हता," मी माइक घट्ट धरून म्हणाले. "पण आता फोन आले, तर चूक तुमची."

माइक हिसकावला गेला. पाचवीची पोरंही गप्प झाली. आणि त्या शांततेत पाटणकर सरांच्या खिशातून सनई वाजायला लागली.

त्यांनी फोन काढून कट केला. सनई पुन्हा वाजली. बाजार भरात होता आणि नंबर ताजा होता. रांगेतून पहिलं हसू नेमकं कुठून फुटलं ते मला दिसलं नाही, पण मग ते कुणालाच आवरेना.

कार्यालयात आम्ही पुन्हा त्याच जागी उभ्या होतो, आई आणि मी. या वेळी आई खुर्चीत बसली. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"दाखला!" सर ओरडले. "आत्ताच्या आत्ता हिचा दाखला काढतो. पोलिसात देतो."

टेबलावर सनई वाजली. त्यांनी रागाच्या भरात फोन उचलला. "कोण आहे?" पलीकडून कुणीतरी वांगी कशी दिली विचारत होतं. ठेवला, पुन्हा वाजला. हा दुसराच कुणी होता. तो काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण सरांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला. त्यांच्या बायकोचं नाव त्यात होतं, एवढं कळलं, कारण त्यांनी ते पुटपुटलं. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काय बोलतात ही माणसं," ते म्हणाले. "काय बोलतात."

"मला म्हाईत हाय काय बोलत्यात," आई म्हणाली. "दिवाळीपास्नं ऐकालीय मी. तुमास्नी तेच सांगायला फोन लावत हुते."

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग उगाच टेबलावरचे कागद सरळ केले. "हा नंबरच बदलायला पाहिजे आता," ते स्वतःशीच म्हणाले.

"बघा की," आई म्हणाली. "तुमच्या येळंला नंबर बदलायचं लगीच सुचलं. आमच्या येळंला पोरगी बदलायला निघाला हुतासा." तिचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलते तशीच बोलत होती. "दाखला द्या. पर त्यावर कारण ल्ह्या. फोटू कुणी टाकला हिथनं सुरू करा, आणि भोंग्यावर काय झालं हितपर्यंत सगळं ल्ह्या. मी बसलीय."

सरांनी पेन उचललं. बराच वेळ ते टोपणच काढ-घाल करत बसले. सनई वाजत राहिली. शेवटी ते म्हणाले, "जा तुम्ही. नंतर बघू."

त्यांनी नंतर कधी बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत पेजवरचा फोटो गेला होता, अध्यक्षांच्या हात जोडलेल्या फोटोसकट. माझ्या नावाच्या त्या खात्याची तक्रार निकम सरांनी स्वतः केली आणि आठवडाभरात तेही बंद झालं. ते कुणी उघडलं होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. ते शोधून काढावं असं शाळेत कुणाला वाटलंही नाही. मुलींचा कॉम्प्युटरचा तास वर्षभर बंदच राहिला. माझा मोर पूर्ण झाला. या गोष्टीला बारा वर्षं झाली, आणि अजूनही कुणी मला मुलींच्या सुरक्षेसाठी म्हणून काही सांगायला लागलं की माझं डोकं तडकतं.

पण त्या शनिवारी दुपारी आम्ही गिरणीत परत आलो तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. संध्याकाळी बाबा यायचे होते, आणि सगळ्या गावानं भोंगा ऐकलेला होता. आईला भूक नव्हती, मलाही नव्हती. गिरणी बंद होती. फोन वाजला.

आईनं हात पदराला पुसले आणि उचलला. मी तिच्या शेजारीच होते, मला सगळं ऐकू आलं.

"वृषालीची आई का?" बाईचा आवाज होता.

"व्हय. कोण?"

"मी किशोरीची आई. वरच्या वाडीची, खोताची. सकाळी बाजारात हुते मी. भोंगा ऐकला."

"पोरगी कशी हाय?" आईनं विचारलं. "कावीळ उतरली का?"

"कावीळ न्हाई ओ झाल्याली तिला."

आई खाली पायरीवर बसली.

"एक दिवस तिच्या बाबांनी फोन उचलला," बाई म्हणाली. "त्या दिवसापास्नं घरात हाय. दप्तर माळ्यावर टाकलंय. पोरगी म्हणती, मी काय केलं. काय सांगू तिला?"

"माझा नंबर कुठनं मिळाला तुमाला?"

"त्याच फोटूत हाय की. आमच्या नंबराच्या शेजारीच तुमचा. लई दिस बघत हुते, लावू का नको, लावू का नको. वाटलं, तुमाला आलं नसतील तर काय म्हणशीला. शाळंत घेतील का ओ तिला?"

आई माझ्याकडे बघत होती. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"न घेऊन जातील कुठं?" ती म्हणाली. "सोमवारी घेऊन या. मी गेटावर हाय."

संध्याकाळी बाबा आले. बस स्टँडपासून घरापर्यंत चार जणांनी त्यांना गाठून सांगितलं होतं, ते तोंडावरून दिसत होतं. ते दारातच उभे राहिले.

"काय ऐकतोय मी?"

"ते मी सांगणार न्हाई," आई म्हणाली. "सोमवारी मला शाळंत काम हाय. कामावर खाडा करा आणि गिरणीत बसा. फोन पिशवीत हाय. वाजला की घ्यायचा. मग काय करायचं ते ठरवा."

बाबा बराच वेळ चपला न काढता तसेच उभे होते. मग त्यांनी त्या काढल्या.

सोमवारी किशोरी आली. वाळली होती, माझ्या शेजारी येऊन बसली आणि दिवसभर माझ्या वह्यांतून बुडालेलं उतरवून घेत होती. तिची आई आणि माझी आई शाळा सुटेपर्यंत गेटाबाहेर चिंचेखाली बसून होत्या.

घरी आलो तर गिरणी थांबलेली. बाबा पायरीवर, फोन मांडीवर. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"आलता?" आईनं विचारलं.

"दोनदा." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "असं... असलं रोज ऐकतीस तू? दिवाळीपास्नं?"

"मग तुमी काय म्हणाला?"

"काय म्हणणार? आयमाय काढली त्याची."

"शिव्या देऊ नका," आई म्हणाली. "शिव्या दिल्या की त्यास्नी बरं वाटतंय. परत करत्यात. पीठ दळायचं हाय का, एवढंच इच्यारायचं."

फोन पुन्हा वाजला. मी पुढे झाले, पण बाबांनी हातानंच मला मागे सारलं. त्यांनी तळवे पँटला पुसले आणि फोन उचलला.